जर्मलचं पातेलं आणि करंजाचा साबण

मी बरी झाले, हे आधीच सांगून टाकते. पुढचं वाचताना कुणाचा जीव टांगणीला लागायला नको. मला क्षय झाला होता, तो गेला. आज मी शाळेत दिवसभर उभी राहून शिकवते आणि घरी येऊन भाकऱ्या थापते. ज्यांच्या हातात आज-कालच एक्स-रेचं पाकीट पडलंय, त्यांच्यासाठी हे लिहिते आहे. औषधाचं डॉक्टर सांगतील. बाकीचं मी सांगते.

फोटो

कामशेतपासून आत आमचं गाव. भाताची शेती. वडील, म्हणजे आबा, मी लहान असतानाच गेले आणि थोरल्या दादानं मला शिकवलं. गावात बी.एस्सी. झालेली मी पहिली. मुलींतली नव्हे, सगळ्यांतली. हे सांगितलं की काहींना बढाई वाटते. वाटू दे. पावसाळाभर चपला हातात घेऊन स्टेशन गाठायचं, गाडीत ओल्या पायांनी केमिस्ट्री वाचायची आणि कॉलेजच्या दारात पुन्हा चपला घालायच्या, असं करून मी ती बढाई कमावलेली आहे.

लोणावळ्याच्या एका शाळेत नोकरी लागली आणि वर्षाच्या आत खोकला मागे लागला. मी खडूच्या धुळीवर ढकललं. आईनं अडुळशाचा काढा दिला. संध्याकाळी अंग कोमट व्हायचं, पोलकं सैल बसायला लागलं. मग एकदा वर्गात खोकले आणि रुमालावर लाल ठिपका दिसला. मी रुमालाची घडी घातली, धडा पुरा केला, आणि घरी येऊन दादाला सांगितलं.

पुण्याच्या डॉक्टरांनी एक्स-रे उजेडाला धरला आणि दादाशी बोलायला लागले. दादा नुसती मान हलवत होता. शेवटी मी म्हटलं, "डॉक्टर, फोटो माझा आहे. मला सांगा. मी बी.एस्सी. आहे."

ते हसले. "म्हणजे जंतू म्हणजे काय ते समजवायला नको."

"जंतू कळतात. मी मरेन का, ते सांगा."

"औषध मध्येच सोडलं नाहीत तर नाही. आता औषधं आहेत, बाई. पूर्वीसारखं नाही."

परत येताना दादानं स्टेशनवर केळी घेतली. एक सोलून माझ्यापुढे धरलं. मग म्हणाला, "सुमे, त्या बी.एस्सी.चा ह्यात काय उपेग न्हाई व्हय?"

"न्हाई," मी म्हटलं. घरच्या माणसांशी माझी भाषा घरचीच असते.

"मंग केळं तरी खा."

का कुणास ठाऊक, आम्हा दोघांना हसू आलं. त्या दिवसाची एवढी एकच गोष्ट मला चांगली आठवते.

वेगळं पातेलं

रुग्णालयात जागा मिळेपर्यंत मी घरीच होते. पहिल्याच दिवशी वहिनीनं माळ्यावरून एक जर्मलचं पातेलं काढलं. ॲल्युमिनियमला आमच्याकडे जर्मल म्हणतात. कडेला पोचा गेलेलं, वर झाकण. झाकणात भाकरी, पातेल्यात कालवण. ते गोठ्याच्या कोनाड्यात राहायचं आणि मी जेवायचेही गोठ्याच्या उंबऱ्यावर. बाकी सगळे आत, ओळीनं, पितळ्या घेऊन. पितळी म्हणजे आमची जेवायची खोल थाळी. प्रत्येकाची ठरलेली. माझीही होती. ती वहिनीनं चिंचेनं घासून फळीवर पालथी घातली.

वहिनी वाईट नव्हती. तिची आई ह्याच खोकल्यानं गेली होती, औषधं नव्हती त्या काळात. आणि आमची शकू, वहिनीची मुलगी, तेव्हा नुकती चालायला लागली होती. ती "आत्या" म्हणत माझ्याकडे दुडूदुडू यायची आणि वहिनी तिला मधेच उचलायची. डॉक्टरांनीच तसं सांगितलं होतं, म्हणजे चूक काहीच नव्हतं. तरी उंबऱ्यावर बसून घास गिळताना आतल्या पितळ्यांचा आवाज ऐकू यायचा. मला आजाराची भीती त्याच्याइतकी वाटली नाही. मी मनाशी ठरवलं की बरं होणं म्हणजे वजन नव्हे, एक्स-रे नव्हे. बरं होणं म्हणजे आतल्या ओळीत माझी पितळी.

माळावर

रुग्णालय माळावर होतं. बायकांच्या वॉर्डला तीन बाजूंनी भिंत आणि चौथ्या बाजूला नुसता व्हरांडा, कारण मोकळी हवा हेही औषधच. पावसाळ्यात त्या मोकळ्या बाजूनं ढग थेट आत यायचे. ब्लँकेट ओलं, उशी ओली. सिस्टर म्हणायच्या, "हवा आहे, घ्या."

सकाळी थर्मामीटर, मग इंजेक्शन, मग मोठाल्या कडू पुड्या, दूध, अंडं. दुपारी विश्रांतीचा तास. त्यात बोलायचं नाही, वाचायचं नाही, विणायचं नाही. रडायलाही बंदी होती, खोकला वाढतो म्हणून. नव्यांना हा तास जड जातो. मला तर फार गेला. काही न करता पडून राहायची आमच्या घरात कुणाला सवयच नाही.

माझ्या शेजारच्या खाटेवर चांगुणामावशी होती. पवना नदीच्या अंगाच्या डोंगरवाडीतली, मोलमजुरी करणारी, माझ्यापेक्षा बरीच मोठी. पहिल्या दिवशी मी तोंड भिंतीकडे करून पडले होते. ती म्हणाली, "आगं पोरी, भितीला काय दावतीस? ती काय रडायची न्हाई तुज्यासंगं."

मी म्हटलं, "मला बोलायचं नाही."

"बरं. मंग मी बोलती. मला लय बोलायचंय."

आणि ती बोलत राहिली. तिच्या शेळ्या, तिचा नवरा, डोंगरातल्या वाटा, कुठल्या झाडाची करवंदं गोड. विश्रांतीच्या तासातही कुजबुजायची. सिस्टर रागावल्या की म्हणायची, "मी कुटं बोलती? ह्ये माजं खोकनं हाय."

भीती वाटायची का? वाटायची. एकदा कोपऱ्यातली खाट सकाळी रिकामी दिसली. मी दिवसभर दूध घेतलं नाही. संध्याकाळी मावशीनं माझा पेला माझ्या हातात दिला. "ती गेली. तू हायेस. पी." एवढंच. मी प्यायले. नव्यांना माझं सांगणं हेच आहे. ज्या दिवशी भीती वाटेल त्या दिवशी दूध सोडू नका.

साबणाची शेड

थुंकी सलग काही महिने स्वच्छ आली की डॉक्टर हलकं काम द्यायचे. कुणी विणायचं, कुणी पुस्तकं बांधायचं. मला आणि मावशीला साबणाच्या शेडमध्ये पाठवलं. रुग्णालयाच्या चादरी धुवायचा साबण तिथेच व्हायचा, नुसत्या पत्र्याच्या छपराखाली.

कॉस्टिक सोडा पाण्यात टाकायचं काम कंपाउंडरचं. तो तोंडाला फडकं बांधायचा आणि आम्हाला वाऱ्याच्या वरच्या बाजूला लांब उभं करायचा. सोडा पाण्यात टाकायचा, पाणी सोड्यावर कधीच नाही, नाहीतर उसळून तोंडावर येतं. निखारा नाही, चूल नाही, आणि पाणी कढत होतं. मावशी पहिल्यांदा म्हणाली, "ह्याच्यात कोण बसलंय?"

मी समजावलं. उष्णता कुठून येते, तेल आणि सोडा मिळून साबण कसा होतो, सगळं. तिनं शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाली, "म्हंजी कुनी बसलेलं न्हाई. बरं झालं."

पाणी निवालं की ते खोबरेल आणि करंजाच्या तेलात ओतायचं आणि लाकडानं ढवळत राहायचं. आम्ही पाळी लावून ढवळायचो, दम लागला की लाकूड दुसरीच्या हातात. आधी नुसतं पिवळं पाणी दिसतं. वाटतं, फुकट गेलं. मग हळूहळू दाट होतं, पिठल्यासारखं, आणि लाकूड फिरवलं की वर रेघ उमटते आणि पुसली जात नाही. ती रेघ मी कॉलेजात कधीच पाहिली नव्हती. तिथे हे सगळं फळ्यावर एका ओळीत झालं होतं. पहिल्यांदा ती उमटली तेव्हा मी मोठ्यानं हसले, आणि हसून खोकला आला नाही. हे नंतर माझ्या लक्षात आलं. मावशीच्या आधीच आलं होतं. ती ढवळायची थांबली आणि माझ्याकडे बघत राहिली.

"पुन्यांदा हास बरं," ती म्हणाली.

साचे भरले की दुसऱ्या दिवशी तारेनं वड्या कापायच्या आणि महिनाभर फळीवर ठेवायच्या. ताजा साबण हात खातो. जिभेच्या टोकाला जरासा लावून बघायचा, चटका बसला की कच्चा. मावशीला हे फार आवडलं. रोज एक वडी चाखायची आणि जाहीर करायची, "आजून आढीतच हाय. तुज्यावानी."

बाजारात

मावशी माझ्या आधी घरी गेली. मग मीही गेले. वजन वाढलेलं, थुंकी स्वच्छ, डॉक्टरांनी दादाला माझ्यासमोर बसवून सांगितलं की आता हिच्यापासून कुणाला काही होणार नाही, गोळ्या मात्र पुढे चालू ठेवायच्या.

दादानं घरी येऊन ते सांगितलं. आईनं देवापुढे साखर ठेवली. वहिनी "बरं झालं" म्हणाली, मनापासून म्हणाली. आणि संध्याकाळी कोनाड्यातून जर्मलचं पातेलं काढून, धुऊन, माझ्यापुढे ठेवलं.

डॉक्टरांनी सांगून जी भीती जात नाही, ती माझ्या वाद घालण्यानं काय जाणार? दादा खाली मान घालून जेवला. शकू आता पळायला लागली होती, आणि वहिनी आता तिला पळत जाऊन धरायची.

असेच दिवस चालले. कामशेतच्या बाजारात एकदा चांगुणामावशी दिसली. डोक्यावर पाटी, अंगानं भरलेली. मला बघून तिनं भर रस्त्यात पाटी उतरवली, माझे गाल चिमटीत धरले आणि पदरातले शेंगदाणे काढून निम्मे माझ्या हातावर ठेवले. आम्ही भाताच्या गिरणीच्या ओट्यावर बसलो.

"घरी कसं?" तिनं विचारलं.

मी पातेल्याचं सांगितलं. म्हटलं, "तुझं कसं केलं घरच्यांनी? वेगळं काढलं?"

"येगळं काय काढनार?" ती म्हणाली. "आमच्यात भांडीच दोन. माजं येगळं काढलं तर नवऱ्यानं काय वंजळीत जेवावं?"

मी इतकी हसले की गिरणीतला माणूस बाहेर आला.

तिच्या पाटीत करंजाच्या बिया होत्या, तेलाच्या घाण्यावर द्यायला आणलेल्या. उठताना तिनं विचारलं, "साबन करतीस का आता?" मी नाही म्हटलं. "का? त्याची काय पदवी लागती?" आणि तेल काढल्यावर त्यातलं एक भांडंभर तिनं मला दिलं. पैसे घेईना. म्हणाली, "वडी दे. पिकलेली."

चुलीशिवाय उकळलं

म्हणून मी घरी साबण करायला घेतला. वहिनीलाही ते पसंत होतं. दुकानातला साबण ती दोऱ्यानं कापून पुरवायची. दादानं सोडा आणून दिला. मी परसात नवीन मडक्यात पाणी घेतलं, तोंडाला फडकं बांधलं, सगळ्यांना घरात घातलं आणि सोडा हळूहळू सोडला. वर फळी ठेवली. निवेपर्यंत हात लावू नका, असं बजावलं आणि दुपारी पडले. विश्रांतीचा तास मी घरीही पाळत होते.

इथे काय झालं ते नीट सांगते. नवीन मडकं पाझरतं. एरवी आपण त्याला माठ म्हणून कौतुकानं पाणी भरतो ते त्याचसाठी. वहिनीनं बघितलं, मडक्याच्या बुडाशी ओल आलेली आणि शकू अनवाणी अंगणभर फिरतेय. लेकराचा पाय त्यात पडेल म्हणून तिनं ते पाणी दुसऱ्या भांड्यात ओतायचं ठरवलं. पण कुठल्या? सोडा म्हणजे विषारी वस्तू. घरातल्या चांगल्या भांड्यात ती घालायची नाही. मग एकच भांडं असं होतं की जे तसंही घराच्या हिशेबातून बाहेर होतं. तिनं कोनाड्यातून माझं पातेलं काढलं, त्यात ओतलं आणि त्याचं झाकणही नीट लावलं.

मला जाग आली ती आईच्या आवाजानं. "आगं सुमे, ऊठ. पातेलं पेटलं."

पेटलं नव्हतं. उकळत होतं. परसात दगडावर ठेवलेलं, खाली जाळ नाही, काडी नाही, आणि आत खदखदतंय. झाकण टकटक नाचत होतं, कडेनं करडा फेस, नाकाला झोंबणारी वाफ. आई तुळशीला हात जोडून उभी. जर्मलला सोडा खातो आणि त्यातून पेटणारा वायू सुटतो, हे मी परीक्षेत लिहून मार्क मिळवले होते. खाताना एवढा आवाज करतो, हे तेव्हा कळलं.

"लांब व्हा सगळे. ह्या अंगाला या, वाऱ्याकडं. कुनी काडी वढायची न्हाई. आई, शकूला घे."

वहिनी मात्र पातेल्याच्या जवळच उभी होती, डावं मनगट उजव्या हातात घट्ट धरून. झाकण काढायला गेली होती. फेसाचा शिंतोडा उडाला होता.

मी तिला ओढत हौदापाशी नेलं, हात धरला आणि तांब्यानं पाणी ओतायला लागले. ती म्हणाली, "झालं, बास." मी म्हटलं, "बास न्हाई." आणि ओततच राहिले. तिचं मनगट माझ्या हातात होतं. ते पातेलं माळ्यावरून निघाल्यापासून घरातल्या कुणाला मी असं धरलं नव्हतं. तिलाही ते कळलं असावं. तिनं माझ्या बोटांकडे बघितलं. हात मात्र काढून घेतला नाही.

"लय आग हुतीये, वन्सं," ती हळू आवाजात म्हणाली.

"व्हनारच. पानी पडू दे. डाग ऱ्हाईल, हात ऱ्हाईल."

"मला वाटलं, तुमचं भांडं हाय, त्याला काय..."

तेवढ्यात शकू आजीच्या हातातून निसटली आणि येऊन माझ्या पायाला मिठी मारून उभी राहिली, पाणी बघत. वहिनीचा एक हात माझ्याकडे होता, दुसरा मोकळा होता. तिनं मोकळ्या हातानं शकूला ओढलं नाही. तिच्या केसांवरून फिरवला आणि म्हणाली, "आत्याला पानी वतू दे गं."

मी तांब्या भरत राहिले. जरुरीपेक्षा थोडी जास्तच भरत राहिले, हे कबूल करायला हरकत नाही.

पितळी

दादा शेतावरून आला तोवर सगळं निवलं होतं. लांब काठीनं पातेलं कुंपणाकडच्या खड्ड्यात कलतं केलं, वर घागरी ओतल्या. बूड चाळणीसारखं झालेलं. झाकणाला देवीचे व्रण पडावेत तसे व्रण. दादानं ते उजेडाला धरलं, अगदी पुण्याच्या डॉक्टरांसारखं, आणि म्हणाला, "फोटो काय बरा न्हाई."

संध्याकाळी ओळ मांडली. मी सवयीनं गोठ्याच्या उंबऱ्यावर बसले. वहिनी हातात भाकरी घेऊन आली आणि उभी राहिली. कशात वाढणार? केळीचं पान आणता आलं असतं. परसात केळ होती. ती मला दिसत होती, तिलाही दिसत होती.

आत दादानं अजून भाकरी मोडली नव्हती. आईनंही नाही.

वहिनी परत आत गेली. फळीवरून काहीतरी काढल्याचा आवाज आला. मग घासल्याचा, मग विसळल्याचा. आणि मग तिचा आवाज, नेहमीचा, जरा चढलेला.

"वन्सं, तितं काय बसलाय? कालवान गार व्हतंय. मी काय उंबऱ्यावर येऊन वाढू?"

मी आत गेले. दादा आणि आईच्या मधे जागा केलेली होती. माझी पितळी मांडलेली होती.

बसताना माझे डोळे भरले, तेव्हा वहिनी पुटपुटली, "रडायचं काय त्यात. जेवा. न्हाईतर उद्या माज्या पितळ्याबी उकळाल."

सगळ्यात आधी आई हसली. शकूनं तिच्या हातातला चिवडलेला भाकरीचा तुकडा माझ्या आमटीत टाकला. मी तो खाल्ला.

पिकला

पुढच्या खेपेला सोडा लोखंडी घमेल्यात भिजवला. ढवळायला वहिनी बसली. मनगटाला फडकं गुंडाळलेलं, तरी लाकूड मला देईना. रेघ उमटली तेव्हा तिनं आईला हाक मारून दाखवली. महिनाभर वड्या फळीवर होत्या. ज्या दिवशी जिभेला चटका बसला नाही, त्या दिवशी वहिनीनं घरातले सगळे कपडे एकाच बुट्टीत भरले आणि ओढ्यावर नेले. संध्याकाळी एकाच दोरीवर दादाचं धोतर, माझी पातळं, शकूची झबली वाळत होती. करंजाचा कडवट वास घरभर. कामशेतच्या बाजारात मी मावशीला वडी दिली. तिनं तिथेच जिभेला लावली, डोळे मिटले आणि म्हणाली, "पिकली." माझ्याकडे बघून म्हणाली की वडीकडे, ते मी विचारलं नाही.

ज्यांना हे लांबच्या रस्त्यासारखं वाटतंय, त्यांना एवढंच सांगते. गोळ्या शेवटपर्यंत घ्या. दुपारी पडून राहा. आणि घरच्यांचा राग धरू नका. त्यांची भीतीही आजारासारखीच असते, तिलाही दिवस लागतात.

ते पातेलं आईनं टाकू दिलं नाही. स्वच्छ धुऊन त्यात माती भरली. बुडाला भोकं होतीच, करावी लागली नाहीत. त्यात तिनं पुदिना लावला, आणि तो असा फोफावलाय की आता आळीतल्या बायका मागून नेतात. पाहुणे आले की वहिनी चुलीपाशी बसूनच शकूला सांगते, "चटनी वाटायचीय. जा, आत्याच्या पातेल्यातला आन."